आशेचं वर्ष संपलं, आता पॅरिशमध्ये उरलंय काय?

गावठाणकर

गेलं वर्षभर आमच्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चला जोडलेल्या वस्तीच्या) चर्चच्या दारावर 'आशेचे यात्रेकरू' असा फलक होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅथलिक चर्च साधारण दर २५ वर्षांनी ज्युबिली वर्ष पाळतं, त्यातलं २०२५ चं हे घोषवाक्य. पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ ला रोममध्ये पवित्र दार उघडून वर्ष सुरू केलं, २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी ते गेले आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले. वर्ष मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहिलं. धर्मप्रांतांतला, म्हणजे एकेका बिशपच्या हाताखालच्या भागांतला, समारोप २८ डिसेंबरला झाला.

प्रवचनात वर्षभर आशा. आमचे फादर बोलतात छान, तक्रार नाही. पण बाकावर बसून आजूबाजूला पाहिलं की मनात वेगळंच येतं. गावठाणातली निम्मी पोरं कॅनडा, न्यूझीलंडला. उरलेल्यांची घरं बिल्डरकडे. भाड्याच्या खोल्यांत राहणारे नायगाव-विरारला गेले. मराठी मिस्साला (कॅथलिकांच्या रविवारच्या मुख्य विधीला) पूर्वी दाराबाहेर उभं राहावं लागायचं, आता पंखे कुठले चालू ठेवायचे आणि कुठले बंद, हे चर्चची देखभाल करणारा सॅक्रिस्टन डोकी पाहून ठरवतो. नाताळात कॅरोल घेऊन जायचं तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन. बरेचसे 'या, या' म्हणतात. एखादा आडून विचारतो, "पत्रकंबित्रकं वाटणार नाही ना?" आपण हसतो, पण ते लागतं.

बाहेरच्या बातम्या तर आहेतच. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडला दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना धर्मांतराच्या आरोपावरून अटक झाली, आठवड्याभरानं जामीन मिळाला. त्या रविवारी आमच्याकडे मिस्सा संपल्यावर कंपाउंडमध्ये कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, एक टक्काही नाही. मुंबईत राहून हे विसरायला होतं, मग अशी एखादी बातमी आठवण करून देते.

'सगळं ठीक होईल' म्हणजे आशा नव्हे, हे आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गातच सांगितलेलं असतं. संत पौल रोमकरांना लिहितो त्यात क्रम असा आहे: आधी संकट, त्यातून धीर, धीरातून कसाला उतरलेला स्वभाव आणि मग कुठे आशा. म्हणजे ती रांगेत शेवटी उभी आहे. आम्ही फलकावर लावली ती सुरुवातीलाच!

तर प्रश्न असा की मधल्या पायऱ्या तुमच्या पॅरिशमध्ये कुठे चढल्या जातात? वाईट काळात तुमच्या चर्चनं, मंडळीनं नेमकं काय केलं किंवा केलं नाही? कॅथलिक, प्रोटेस्टंट, कुणीही लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा. फक्त वचनं टाकू नका, ती सगळ्यांना पाठ आहेत.

तर्कट

लहानपणी अल्टर बॉय (मिस्सात फादरांना मदत करणारा पोरगा) होतो, आता काही मानत नाही. त्यामुळे थोडं तिखट लागेल. तुम्ही वर्णन केलंय ते एका जुन्या क्लबचं मेंबरशिप कमी होणं आहे. जिमखाने बंद पडतात तसं. त्याला 'आशेचं संकट' म्हणायची काय गरज?

सांजवात

वचनं टाकू नका म्हणताना पौलाचं अख्खं वचन टाकलंत की :)

भायखळ्याची_लेक

आम्ही मराठी प्रोटेस्टंट. आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले ते भायखळ्यालाच राहिले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्या परंपरेतली आमची मंडळी. आमच्याकडे मिस्सा नाही, उपासना. फादर नाहीत, पाळक. आणि खरी सत्ता पंचमंडळीची, म्हणजे कारभार पाहणाऱ्या निवडक सभासदांची, हे पाळकसाहेबही मान्य करतील.

वाईट काळ म्हणाल तर मला एकच आठवतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यात माझे वडील. पहिले दोन-तीन महिने घरात उत्साह होता, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत जिंकून देणार म्हणून. पावसाळा आला तसा आईनं पितळेची भांडी मोजायला सुरुवात केली.

आमच्या महिला मंडळानं तेव्हा एक साधी गोष्ट केली. ज्यांच्या घरी रेल्वे, पोस्ट, पालिका असा पगार येत होता त्या बायका रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळे काढायच्या आणि रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घेऊन यायच्या. वाटप मात्र रविवारी नाही. आठवड्यात कधीतरी, संध्याकाळी, पिशवी घरी यायची. का, तर रविवारी सगळ्यांसमोर पिशवी घ्यायला लागली असती तर माझे वडील उपासनेलाच आले नसते. हे कोणाला सुचलं माहीत नाही. पण ज्याला सुचलं त्याला गिरणी कामगाराचा स्वभाव ठाऊक होता.

आणि प्रार्थना? दर बुधवारी प्रार्थनासभेत संप मिटावा म्हणून मागणं असायचं. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत, नंतर एका वखारीत वॉचमन झाले. म्हणजे मागितलेलं मिळालं नाही, सरळ हिशोब आहे. तरी ते मरेपर्यंत बुधवारी जात राहिले. मी कॉलेजात असताना एकदा चिडून विचारलं, देवानं काय दिलं तुम्हाला? म्हणाले, "तू जेवत होतीस ना." मला तेव्हा ते उत्तर पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलंय असं नाही.

@तर्कट, जिमखान्यातून तांदूळ आले असते का, एवढंच विचारते.

तर्कट

जिमखान्यातून नाही, पण चाळीतल्या गणपती मंडळातून आले असते. युनियनकडूनही येत होते. माझा मुद्दा तोच आहे. माणसं माणसांना धरून राहतात. त्याला क्रूस लावायची गरज नाही.

माहीम_बुधवार

मी हिंदू, मराठी, दादरची. आई दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेनाला (सलग नऊ बुधवारच्या प्रार्थनेला) जायची, मी पदर धरून मागे. १९४८ पासून ती नोव्हेना चालू आहे आणि बुधवारी माहीम स्टेशनपासूनच कळतं की आज काय वार आहे. बाहेर मेणाची घरं, मेणाचे पाय, मेणाची बाळं. नोकरी हवी असेल तर काय घ्यायचं, असं मी विचारलं होतं, तर दुकानदारानं साधी मेणबत्तीच दिली, म्हणाला याला सगळं चालतं.

तिथे एक गोष्ट मला फार आवडायची. लोकांनी लिहिलेली पत्रं वाचून दाखवतात. काही मागणीची, काही आभाराची. नाव नसतं. नवऱ्याची दारू, मुलाचा व्हिसा, लग्न जमत नाही, गर्भ राहत नाही. पूर्ण शहराची दुखणी एका माइकवरून. आई म्हणायची, आपलं रडगाणं त्यात काहीच नाही.

गावठाणकर, तुमच्या व्याख्येत हे बसतं का? कारण आम्ही तर सरळ मागायलाच जायचो. धीर, स्वभाव वगैरे मधल्या पायऱ्या गाळून.

गावठाणकर

बसतं, का नाही बसणार. नऊ बुधवार सलग जायचं म्हणजे पायऱ्या आपोआप चढल्या जातात. ऑफिस सुटल्यावर त्या लोकलमधून माहीमला उतरणं हाच धीर. :)

शिवाय आभाराची पत्रं मागणीच्या पत्रांबरोबरच वाचतात, हे मला शहाणपणाचं वाटतं. ज्याचं काम झालं नाही त्याला ज्याचं झालं त्याचं ऐकावं लागतं, आणि उलटही. मत्सरही वाटत असेल. वाटू दे.

वॉर्ड_नंबर

पालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे. कोविडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मार्च २०२० मध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. पुन्हा दुसऱ्या लाटेत बंद, मग ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. मधला एक ईस्टर घरात, दुसरा जेमतेम. सप्टेंबरची माउंट मेरीची जत्रा २०२० मध्ये भरली नाही. मिस्सा मोबाईलवर. मी ड्युटीवरून येऊन आंघोळ करून कॉटवर पडायचे आणि कानात इअरफोन घालून मिस्सा ऐकता ऐकता झोपून जायचे. त्याला मिस्सा म्हणायचं की नाही ते फादरांनी ठरवावं.

पॅरिश दोन प्रकारच्या दिसल्या. एका प्रकारच्या पॅरिशमध्ये कॅमेरा उत्तम होता, आवाज स्वच्छ होता, आणि तेवढंच होतं. दुसरीत यूथच्या पोरांनी रजिस्टरमधून एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी काढली आणि वाटून घेतली. रोज सकाळी फोन. उचलला नाही तर कोणीतरी दारापर्यंत जायचं. गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काका, ज्यांना आम्ही फक्त वर्गणी मागणारे म्हणून ओळखायचो, ते औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन फिरत होते. मिस्सा यूट्यूबवर येते हो, डबा येत नाही.

मरणाच्या दारातल्या माणसाला लावतात ते शेवटचं तेल लावायला फादरांना वॉर्डात सोडता येत नव्हतं. मी माझा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका आजींच्या कानाशी धरला होता. पलीकडून फादर मराठीत प्रार्थना म्हणत होते. आजींना ऐकू गेलं की नाही ते मी सांगू शकत नाही. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी, त्या मुसलमान होत्या, नंतर विचारलं, "मेरे लिए भी बोलेंगे क्या?" फादर बोलले.

दफनाचा गोंधळही आठवतो. कॅथलिक चर्चनं दहनाला १९६३ पासून परवानगी दिलेली आहे, पण आपल्या लोकांना ते कुठे माहीत असतं. कितीतरी घरांत आईला जाळायचं या विचारानंच माणसं कोसळली. ज्या पॅरिशमध्ये फादर स्वतः फोन करून समजावत होते, रक्षा मागाहून आपल्या दफनभूमीत विधिपूर्वक ठेवू म्हणून सांगत होते, तिथे लोक सावरले. जिथे सर्क्युलर फक्त ग्रुपवर टाकलं तिथे अजून जखम आहे.

उत्तनकर

तर्कट यांच्या प्रश्नाला बगल दिली जातेय, म्हणून लिहितो. ते बरोबर विचारतायत. तांदूळ मंडळही देतं, फोन कोणीही करतं. मग चर्चचं वेगळं काय?

माझं उत्तर: मेलेले. मंडळ जिवंतांना मदत करतं, चांगलंच करतं. पण आमच्याकडे पॅरिश म्हणजे मेलेल्यांसकट असते. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कुठल्याही दफनभूमीत जाऊन बघा, शिवडीला बघा. झेंडू, मेणबत्त्या, अख्खी कुटुंबं. मुंबईत कबरसुद्धा कायमची मिळत नाही. काही वर्षांनी उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात, त्या जागी दुसरं कोणी. तरी आम्ही नाव घेऊन मिस्सा सांगतो. ख्रिस्ती आशेचा पायाच हा आहे की मेलेला येशू उठला आणि आपले मेलेलेही उठणार. हे खरं नसेल तर बाकी सगळं समाजकार्य आहे, आणि समाजकार्यासाठी पहाटे उठून मिस्साला जायची मला गरज नाही. पौल स्वतः हेच म्हणतो, पण वचनबंदी आहे म्हणून थांबतो.

आमच्या समुद्रावर हे फार स्पष्ट कळतं. वादळात बोट गेली आणि माणूस सापडला नाही तर कबर कुठे? तरी नाव वाचलं जातं. मुंबईच्या गावठाणांत, गल्ल्यांत जे क्रूस दिसतात, त्यातले कितीतरी १८९६ नंतरच्या प्लेगमध्ये उभे राहिले. लोकांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारला आणि संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली. मे महिन्यात अजूनही म्हणतात, नंतर उकडलेले चणे वाटतात. प्लेगमध्ये ज्यांची घरं रिकामी झाली त्यांच्यासाठी ती प्रार्थना होती. म्हणजे सव्वाशे वर्षं एक गल्ली आपल्या मेलेल्यांना विसरलेली नाही. हे जिमखान्यात दाखवा.

तर्कट

प्लेग क्रुसामुळे गेला नाही. शास्त्रज्ञ हाफकिननं जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवून आधी स्वतःला टोचून घेतली, ते विसरू नका.

मेलेल्यांचा मुद्दा मात्र मान्य. पटत नाही, पण वेगळा आहे हे मान्य.

वॉर्ड_नंबर

लस आणि क्रूस दोन्ही घेणारे लोकच जास्त असतात हो. भांडण लावू नका. उलट माझी तक्रार ज्यांनी औषधं सोडायला लावली त्यांच्याबद्दल आहे. एका चंगाई सभेतून (प्रार्थनेनं आजार बरा होतो सांगतात त्या सभेतून) आलेला टीबीचा पेशंट, वय तिशीच्या आत. 'विश्वास असेल तर गोळ्या कशाला' असं कोणीतरी सांगितलं आणि यानं दोन महिन्यांतच कोर्स सोडला. सहा महिन्यांचा कोर्स असतो. परत आला तेव्हा साध्या औषधांना जुमानत नव्हता. मग लांबलचक उपचार, कामधंदा बंद. ही कसली आशा? मी त्याला रविवारी आमच्या चर्चमध्ये नाही बोलावलं, टीबीच्या गोळ्या देतात त्या डॉट्स सेंटरला बोलावलं.

भायखळ्याची_लेक

अगदी. आमच्या मंडळीतली तरुण कुटुंबं अशा हॉलकडे वळतात कारण तिथे आठवड्यात निकाल मिळतो असं सांगतात. आमच्याकडे पेटी-तबल्यावर भजन, लांब उपदेश आणि चहा. निकाल नाही. पण हेही सांगितलं पाहिजे की तिथे दारात कोणीतरी नाव विचारतं. आमच्याकडे नवीन माणूस तीन रविवार आला तरी पंच त्याच्याकडे बघून नुसतं मान हलवतात. लोक उगाच जात नाहीत.

खाडीपलीकडे

वसईहून. मुंबईच्या धर्मप्रांतातून १९९८ ला आमचा वसई धर्मप्रांत वेगळा झाला, पण माणसं अजून येतातच आहेत. तुमच्या बाकांवरून उठलेले इकडे बसलेत. नायगावला रविवारी गाडी लावायला जागा नाही. तेव्हा 'कमी होतोय' म्हणण्याआधी लोकलचा नकाशा बघा.

गावठाणकर

@खाडीपलीकडे, हे बरं वाटलं आणि थोडं जळलंही. पण ज्या गावठाणात चारशे वर्षं देऊळ आहे तिथे गाव नसेल तर देऊळ कशासाठी, हा प्रश्न राहतोच. १५७५ चं वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज, १५९६ मध्ये स्थापन झालेलं दादरचं पोर्तुगीज चर्च, ही काय हेरिटेज वॉकसाठी ठेवायची? दादरवाल्यांनी निदान सत्तरच्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरियांकडून नवी वास्तू बांधून घेतली, जुन्याला कवटाळलं नाही.

रेती_बंदर

धागा मुंबईचा आहे, तरी दोन गोष्टी. गाझामधल्या होली फॅमिली पॅरिशला पोप फ्रान्सिस युद्धाच्या काळात जवळपास रोज संध्याकाळी फोन करायचे. आज काय जेवलात, एवढंच विचारायचे म्हणे. त्यांच्यानंतर १७ जुलै २०२५ ला त्याच चर्चवर हल्ला झाला, तिघं गेले. उरलेले तिथेच राहिले.

दुसरी गोष्ट इथलीच. आदिवासींसाठी काम करणारे जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी, पार्किन्सन्स झालेले, ऑक्टोबर २०२० मध्ये ८३ व्या वर्षी एल्गार परिषद प्रकरणात अटक, खटला उभा राहण्याआधीच ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये गेले. दोन्ही ठिकाणी नाव तेच, होली फॅमिली. अंत्यविधीची मिस्सा वांद्र्याच्या सेंट पीटर्सला झाली, कोविडमुळे मोजकीच माणसं. मी स्क्रीनवर पाहिली. आमच्या पॅरिशमध्ये त्या रविवारी प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचं की नाही यावर घोळ झाला. शेवटी 'सर्व मृतांसाठी' असं मोघम म्हटलं. त्या मोघमपणाला मी आशा म्हणणार नाही.

सांजवात

राजकारण आणू नका प्लीज, धागा बंद होईल.

उत्तनकर

एका मेलेल्या धर्मगुरूचं नाव घेणं राजकारण असेल तर मी वर लिहिलेलं सगळं खोडावं लागेल. रेती_बंदर यांच्याशी सहमत. फादरांवर दबाव असतो, शाळा-हॉस्पिटलं चालवायची असतात, तेही समजतं. पण नाव घ्यायला हवं होतं.

कॉन्फर्मेशन_बॅच

वय २४, अंधेरीकडची. सगळं वाचलं. गावठाणकर काकांनी 'निम्मी पोरं कॅनडाला' म्हटलंय त्यातली मी पुढची. मे महिन्यात जाणार, टोरँटोजवळ कॉलेज. तीन वर्षं रविवारी दृढीकरणाच्या (कॉन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) मुलांना शिकवतेय, त्यातल्या मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांचा गट माझ्याकडे. अकरा मुलं, बहुतेकांच्या आया घरकाम करतात, दोघांचे वडील रिक्षा चालवतात. ही मुलं कुठेही जाणार नाहीयेत, कॅनडा तर नाहीच. तुम्ही बाकं रिकामी म्हणता, पण आमच्या वर्गात खुर्च्या कमी पडतात. फक्त ही मुलं इंग्रजी मिस्साला मागे उभी राहतात म्हणून मोजली जात नाहीत.

माझ्यानंतर वर्ग कोण घेणार हे ठरलेलं नाही. फादर म्हणाले इंग्रजी गटात मिसळून टाकू. तसं झालं तर यातली निम्मी यायची बंद होतील, मला खात्री आहे.

गावठाणकर

अंधेरीत कुठे? सकाळी किती वाजता?

कॉन्फर्मेशन_बॅच

इंग्रजी मिस्सा संपल्यावर, साडेनऊला. एक तास. पण काका, पुस्तक इंग्रजीत आहे, मराठी करून सांगावं लागतं.

गावठाणकर

माझं इंग्रजी गावठाणी आहे, आणि या पिढीचे विनोद मला कळत नाहीत. चालत असेल तर मे पर्यंत तुझ्या मागे बसून बघतो. फादरांना तू आधी विचार, मी परस्पर आलो असं नको.

कॉन्फर्मेशन_बॅच

विचारते. खासगी मेसेज केलाय, नंबर द्या. विनोद मुलं शिकवतील.

माहीम_बुधवार

वर्गाला चणे लागले तर सांगा.